पावसाळ्यात तगणारी मधपेटी

वांगणी आणि नेरळ यांच्या मध्ये शेलू लागते. पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला भीमाशंकरच्या कड्यांपर्यंत चढत गेलेला सह्याद्री आणि मधोमध उल्हास नदीचे खोरे, असा हा पट्टा दक्षिणेला कर्जत ओलांडून खालापूरपर्यंत जातो. भाताची खाचरे, मांडवावरच्या भाज्या, आंब्याच्या लहान बागा, डोंगरउतारावरच्या ठाकर आणि कातकरी वाड्या, आणि अलीकडे रेल्वेच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या इमारती. मधमाशीपालनाचा विचार करायला इतकी मिश्र भूमी क्वचित मिळते. सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिघात चारा शोधते. शेलूत ठेवलेल्या एका पेटीच्या तेवढ्याच परिघात रान, शेत आणि शहर अशी तिन्ही सापडतात.

या पुस्तकाचा विषय आहे या पट्ट्यातले मधमाशीपालन: ते कसे टिकेल, आणि त्यात नवे काय आणावे. विषय नीट कळण्यासाठी आधी माश्या ओळखायला हव्यात. आपल्याकडे चार देशी मधमाश्या आहेत. कड्यावर, उंच झाडावर आणि आता इमारतींच्या सज्जाखाली एकच मोठे उघडे पोळे बांधणारी आग्या. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे लावणारी फुलोरी. झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी सातेरी. आणि नांगी नसलेली, चिलटाएवढी पोया, जी भिंतीच्या फटीत मेण व राळेची नळी काढून राहते. यांपैकी आग्या आणि फुलोरी पेटीत राहत नाहीत. सातेरी राहते, पोयाही राहते. पाचवी माशी बाहेरून आणलेली, युरोपीय मेलिफेरा. पेट्यांच्या योजनांमध्ये हल्ली तिचेच नाव अधिक ऐकू येते. या पाचही माश्यांचे स्वभाव वेगळे, गरजा वेगळ्या. ‘मधमाशी’ असा एकच शब्द वापरून सगळ्यांना एकच उपाय लावला की तिथून चुकांना सुरुवात होते.

मधमाशीपालनाचे यश मोजण्याचे दोन मार्ग आपल्याकडे रूढ आहेत. किती पेट्या वाटल्या हा एक आणि किती किलो मध निघाला हा दुसरा. पहिल्याने वाटणाऱ्याचे समाधान होते, दुसऱ्याने विकणाऱ्याचे. मला तिसरे मोजमाप सुचवायचे आहे, आणि पुढची सगळी पाने वाचकाने त्याच्याच उजेडात वाचावीत अशी विनंती आहे. वैशाखात मधाने भरलेल्या पेट्यांपैकी किती पेट्यांमध्ये भाद्रपदात माश्या आहेत, हे मोजावे. साडेतीन-चार महिन्यांचा पाऊस ओलांडून जी वसाहत त्याच जागी, त्याच पेटीत जिवंत राहिली, ती टिकली. बाकी सगळा एका हंगामाचा सोहळा.

हे मोजमाप का, ते इथल्या फुलांच्या वर्षावरून कळते. पाऊस ओसरू लागला की माळावर रानतीळ आणि तेरडा, वरकस जमिनीवर खुरासणी आणि तीळ. भात कापल्यावर त्याच खाचरांत ओलीवर पेरलेला वाल. पौष-माघात आंब्याचा मोहोर, मग काटेसावर आणि पांगारा. फाल्गुनात पळस, करवंद, करंज. चैत्रात जांभूळ आणि हिरडा-बेहडा. पुढे कुडा आणि ऐन. कार्तिकापासून वैशाखापर्यंत एक फूल सरते तोवर दुसरे सुरू होते, आणि सातेरीची वसाहत त्या क्रमानेच वाढते. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि चारा आणायला ती निघते त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. त्यामुळे जांभळीचा मध हवा असेल तर माघातच पेटीत भरपूर पिल्ले असावी लागतात. मधपाळ नेहमी पुढच्या फुलासाठी आजच्या माश्या तयार करत असतो.

मग मृग लागतो. कर्जत-खालापूरच्या घाटपायथ्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फुले कमी होतात, आणि जी असतात त्यांतला मकरंद धुऊन जातो. माशीला उडायला उघडीप मिळत नाही. साठवलेला मध आपण मे महिन्यात काढून घेतलेला असतो. राणी अंडी घालणे कमी करते, माश्या रोडावतात, आणि त्यांना झाकता येत नाहीत अशी रिकामी पोळी मेणपतंगाच्या तावडीत सापडतात. अळ्या मेण पोखरत जाळी विणतात. खालून मुंग्या चढतात. मग एखाद्या उघडिपीच्या दुपारी राणीसह सगळी वसाहत पेटी सोडून उडून जाते. सातेरीचा हा स्वभाव तिच्या अस्तित्वाचा आधार आहे: जिथे पोट भरत नाही तिथे ती राहत नाही. मधपाळाला मात्र दसऱ्याला रिकामी पेटी दिसते, आणि तो म्हणतो की या माश्या पाळण्याजोग्या नाहीत.

त्या पाळण्याजोग्या आहेत, हे या देशात शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाले. १८५१ मध्ये अमेरिकेत लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आले की पोळ्यांमध्ये सुमारे तीन सुतांची मोकळी फट ठेवली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, वाट म्हणून वापरतात. या एका निरीक्षणातून सुट्या चौकटींची पेटी जन्मली. पोळे न मोडता बाहेर काढणे, पाहणे, मध फिरवून काढणे आणि तेच पोळे परत देणे शक्य झाले. पण सातेरी अंगाने लहान, तिची वसाहत लहान. तिच्या मापाची छोटी पेटी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीत फादर न्यूटन यांनी बनवली आणि ती दक्षिण भारतभर पसरली. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीजींच्या ग्रामोद्योगांच्या यादीत मधमाशीपालनाला जागा मिळाली. त्यानंतर महाबळेश्वर हे या कामाचे महाराष्ट्रातले घर झाले. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आजही तिथे आहे. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली. सह्याद्रीतली फुले, त्यांचे पराग, इथल्या मधांचे गुणधर्म यांचा मोठा अभ्यास तिथे झाला. भारताच्या मधाच्या मानकांत कारवीच्या मधाची स्वतंत्र नोंद आहे: इतर बहुतेक मधांत सुक्रोजची मर्यादा पाच टक्के, कारवीच्या मधाला दहा. आपल्या डोंगरावरच्या एका झुडपासाठी देशाच्या कायद्यात वेगळा रकाना आहे, ही गोष्ट प्रत्येक मराठी मधपाळाला माहीत असायला हवी.

कारवीचे उदाहरण पावसाळ्याच्या प्रश्नाशीही जोडलेले आहे. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलते नेमकी श्रावण-भाद्रपदापासून पुढे. त्या वर्षी डोंगराजवळच्या पेट्या उपासमारीऐवजी सुबत्ता पाहतात. म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी फुले असतील तर सातेरी टिकते, वाढते. इतर सहा-सात वर्षांची सोय माणसाने करायची आहे. ती शक्यही आहे. साग पावसातच फुलतो. दिंड्याच्या तुऱ्यांवर माश्यांची झुंबड उडते. मांडवावरची काकडी, शिराळी, भोपळा, परसातला मका आणि शेवगा हे सगळे पावसाळ्याचे सोबती आहेत. भात फुलोऱ्यात आला की सकाळच्या एक-दोन तासांत माश्या त्याचा परागही गोळा करतात. बांध साफ करण्याच्या नावाखाली दिंडा आणि तेरडा कापून काढला, तर शेतकरी पुढच्या हंगामातली आपलीच कामकरी माशी उपाशी ठेवतो.

पेटीची पावसाळी निगा ही खरी कौशल्याची बाब आहे आणि तिच्यात अजून पुष्कळ नवे करण्याजोगे आहे. मध काढताना सगळा न काढता वसाहतीचा वाटा ठेवणे. माश्यांनी न झाकलेली पोळी पावसाआधीच बाहेर काढून जपणे. दार अरुंद करणे, छप्पर नीट बसवणे, पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे. लागेल तेव्हा संध्याकाळी साखरेचा पाक देणे, आणि तो मधकोठीत जाणार नाही याची खबरदारी घेणे. पाक हा माशीचा दुष्काळी शिधा आहे. तो बाटलीत गेला की फसवणूक होते. ही रेषा ज्याला कळली त्याला मधमाशीपालनातली अर्धी नीती कळली.

आता मेलिफेराकडे वळू. १९६० च्या दशकात हिमाचल आणि पंजाबात ती यशस्वीपणे रुजवली गेली आणि उत्तरेतल्या मोहरीच्या शेतांनी तिला मोठे केले. तिची वसाहत मोठी, मध सातेरीच्या कितीतरी पट. महाराष्ट्रातही कांद्याचे बी, सूर्यफूल, डाळिंब अशा पिकांसाठी तिच्या पेट्या फिरवल्या जातात, आणि तिथे त्या उपयोगी पडतात. पण मेलिफेरा हे फिरस्तीचे पालन आहे. फुलांमागे ट्रक न्यावा लागतो. घाटपायथ्याच्या पावसात तिला एका जागी ठेवणे म्हणजे चार महिने पाकावर जगवणे. शिवाय तिच्यामागे व्हरोआ माईट लागलेली आहे. हा कोळीवर्गी परजीवी मुळात सातेरीच्या कुळातला पाहुणा. सातेरी त्याला अंगावरून चावून-ओरबाडून काढते आणि त्याच्यासह जगायला शिकलेली आहे. मेलिफेराला ती कला अवगत नाही, म्हणून जगभरच्या मधपाळांना तिच्यासाठी औषधे वापरावी लागतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बदामबागांसाठी दर फेब्रुवारीत देशातल्या निम्म्याहून अधिक पेट्या ट्रकांनी एका खोऱ्यात आणल्या जातात. त्या मेळ्यात रोगही एकमेकांना भेटतात. उत्पादन प्रचंड, आणि वसाहतींची दरवर्षीची मरही मोठी.

सातेरीला रोग होत नाही असे मात्र नाही. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू दक्षिण भारतात पसरला. त्याने अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मरतात. केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात बहुसंख्य पेट्या रिकाम्या झाल्या आणि हजारो कुटुंबांचा जोडधंदा बुडाला. ज्या थोड्या वसाहती वाचल्या त्यांच्यापासून पालन पुन्हा उभे राहिले. त्या आपत्तीचा धडा असा, की दुरून आणलेल्या, एकाच ठिकाणी वाढवलेल्या शेकडो पेट्या गावोगाव वाटणे धोक्याचे आहे. इथल्या पावसात तगलेल्या, इथल्या रोगांना पुरून उरलेल्या वसाहतींची राणी हीच आपली खरी पुंजी.

इथे एका न बोलल्या जाणाऱ्या गोष्टीला हात घालावा लागतो. वाटलेल्या सातेरीच्या पेट्यांमध्ये माश्या येतात कुठून? बऱ्याचदा रानातून. ढोली फोडून, वसाहत उचलून ती पेटीत भरली जाते. ती पावसाळ्यात पळून गेली की पुढच्या वर्षी पुन्हा दुसरी ढोली. पेटीचे लाकूड तेच राहते आणि रान रिकामे होत जाते. अशा पालनाला टिकाऊ म्हणता येणार नाही, मध कितीही शुद्ध असला तरी. यावरचा उपाय जुनाच आहे, पण आपल्याकडे तो नव्या शोधाइतका दुर्मिळ झाला आहे: वसाहतीचे विभाजन. माघ-फाल्गुनात वसाहत भरभराटीला येते आणि राणीची घरे बांधू लागते, तेव्हा तिचे दोन भाग करायचे. आणि कोणत्या वसाहतीचे भाग करायचे हे मागच्या पावसाळ्याने ठरवायचे. जी पळाली नाही, जिची पोळी मेणपतंगाने खाल्ली नाहीत, तिचीच संतती वाढवायची. शेलूच्या पंचक्रोशीतल्या वीस-पंचवीस मधपाळांनी काही वर्षे सलग एवढेच केले तरी त्यांच्या हाती इथल्या मातीची, इथल्या पावसाची माशी येईल. कोणत्याही प्रयोगशाळेतून ती विकत आणता येत नाही.

आग्या माशीचे प्रकरण निराळे. ती पाळता येत नाही, पण तिच्याशी माणसाचे नाते सर्वांत जुने आहे. कर्जत-खालापूरच्या कातकरी आणि ठाकर समाजातल्या जाणत्यांना कोणत्या कड्यावर, कोणत्या झाडावर कधी मोहोळ लागते हे तोंडपाठ असते. वन हक्क कायदा, २००६ याने मध आणि मेण यांना गौण वनोपजात स्पष्ट जागा दिली आहे. ते गोळा करणे हा या समाजांचा हक्क आहे. प्रश्न पद्धतीचा आहे. रात्री टेंभा लावून, माश्या जाळून सगळे पोळे कापून आणणे, पिल्लांसकट पिळणे ही रीत जीवघेणी आहे, माश्यांना आणि चढणाऱ्यालाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रातून काम केलेल्या डॉ. गोपाल पालीवाल यांनी याला सोपा, विज्ञानाला धरून पर्याय दिला. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या बाजूला, फांदीलगतच्या जाड भागात असतो आणि पिल्ले खाली. संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापायचा, पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माश्या मोहोळ सोडत नाहीत, कापलेला भाग पुन्हा बांधतात, आणि फुले असतील तर त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. मध न पिळता गाळून घेतल्याने स्वच्छ राहतो, टिकतो. आधुनिक मधविद्येतले इतकी मानवी नवकल्पना दुसरी सहज आठवत नाही. त्याच्या केंद्रस्थानी यंत्र नाही, पोळ्याच्या रचनेचे ज्ञान आहे, आणि ते ज्ञान कड्यावर चढणाऱ्या माणसाच्या हातात दिले गेले आहे. या पट्ट्यातल्या प्रत्येक वाडीवर त्याचे प्रशिक्षण व्हावे, आणि शिकवणाऱ्यांत वाडीतले जाणतेही असावेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मध ही मधमाशीची दुय्यम देणगी आहे. काकडी, कारली, दुधी, पडवळ, शिराळी यांच्या वेलावर नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. कोणीतरी पराग उचलून नेल्याशिवाय फळ धरत नाही, आणि अपुरा पराग पोचला तर फळ वाकडे, टोकाला बारीक होते. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे उल्हास नदी उन्हाळ्यातही वाहती असते. तिच्या काठी भाजी करणाऱ्याला माशीच्या या कामाची किंमत चटकन पटेल. मुंबईतून विजया पस्ताला यांनी सुरू केलेल्या ‘अंडर द मँगो ट्री’ या संस्थेने हेच सूत्र धरले. आदिवासी शेतकऱ्यांना त्यांच्याच रानातली सातेरी पाळायला शिकवायचे, आणि पहिला लाभ शेतातल्या वाढीव फळधारणेत मोजायचा. मध आला तर आनंद; नाही आला तरी पेटीने आपले काम केलेले असते. छोट्या शेतकऱ्याला पहिल्या वर्षी निराश न करणारा हा हिशेब आहे.

शेलूच्या शेजारी, नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राईस तंत्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. नांगरणी, चिखलणी आणि लावणी टाळून कायमच्या गादीवाफ्यांवर भात, आणि भातानंतर त्याच वाफ्यांवर वाल-हरभऱ्यासारखे कडधान्य. मधमाशीच्या बाजूने पाहिले तर भातानंतर शेत फुलात राहणे ही मोठीच गोष्ट आहे. आणि जमिनीत बिळे करून एकट्याने राहणाऱ्या रानमाश्यांची घरे न नांगरलेल्या जमिनीत वाचतात. त्याचबरोबर तण मारण्यासाठी फवारलेले औषध बांधावरची फुलेही घेऊन जाते, हे विसरून चालणार नाही. फवारणीचा प्रश्न आंब्याच्या मोहोरावर अधिक तीव्र होतो. तुडतुड्यांसाठी मारलेली आंतरप्रवाही औषधे माशीची दिशा आणि स्मरणच बिघडवतात. फवारणी टाळता येत नसेल तर ती फुलोऱ्याआधी किंवा संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी, आणि आदल्या दिवशी शेजारच्या मधपाळाला कळवावे. आज प्रत्येक गावात मोबाइलवर गट आहेत. लग्नपत्रिका फिरतात त्या वेगाने फवारणीची सूचना फिरू शकते. एका पैशाचा खर्च नसलेली ही सुधारणा कित्येक वसाहती वाचवील.

शेलूचे शहरी रूप हे या पुस्तकाचे सर्वांत नवे क्षेत्र आहे. मुंबई-ठाण्यात घर न परवडणारी हजारो कुटुंबे इथे राहायला येत आहेत. नव्या इमारतींच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाक्यांखाली आग्या माशी पोळे लावते, कारण तिला ते कडेच वाटतात. घाबरलेले रहिवासी कीटकनाशक मारणाऱ्याला बोलावतात आणि हजारो माश्या सकाळी अंगणात मरून पडलेल्या असतात. पुण्यात अमित गोडसे यांनी पोळी न मारता हलवण्याचे काम सुरू केले आणि त्यातून एक नवा व्यवसायच उभा राहिला. कर्जत तालुक्यातल्या तरुणांना हे कौशल्य शिकवले तर रोजगारही मिळेल आणि माश्याही वाचतील. पुष्कळदा तर हलवण्याचीही गरज नसते. आग्या ऋतूप्रमाणे स्थलांतर करते. त्रास न देता, त्या बाजूची खिडकी काही आठवडे बंद ठेवून वाट पाहिली तर ती आपणहून जाते. दुसरीकडे सातेरी आणि पोया यांची घरे नाहीशी होत आहेत. जुन्या भिंती, मोठ्या झाडांच्या ढोली, बांधीव विहिरींचे कोनाडे यांच्या जागी गुळगुळीत काँक्रीट आले. गृहसंकुलांनी शोभेच्या पाम झाडांऐवजी जांभूळ, करंज, बकुळ लावावी, कुंपणावर आईसक्रीम वेल म्हणून ओळखली जाणारी गुलाबी तुऱ्यांची वेल चढवावी. ती पावसातही फुलते. गच्चीत पोयाची एक पेटी ठेवावी. तिला नांगी नाही, लहान मुलांच्या शाळेतही ती ठेवता येते, आणि परसबागेच्या मिरचीला तिचा उपयोग होतो.

उपकरणांबद्दल सावधपणे पण मोकळ्या मनाने बोलायला हवे. वसाहतीतल्या पिल्लांच्या भागाचे तापमान माश्या ३३ ते ३५ अंशांच्या दरम्यान राखतात. ते ढासळले तर वसाहत संकटात आहे हे कळते. पेटीखालचा वजनकाटा रोज सांगतो की चारा येतो आहे की साठा संपतो आहे. अशी नोंद मोबाइलवर पाठवणारी यंत्रे आता मिळतात. दोन पेट्यांच्या मधपाळाला ती परवडणार नाहीत. पण एका पंचक्रोशीत एखाद्या शाळेत किंवा कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी एक पेटी अशा काट्यावर बसवली, तर तिच्यावरून सगळ्यांना इशारा मिळू शकतो: या आठवड्यात जांभळीचा ओघ सुरू झाला, या आठवड्यात पाक द्या. मधातला ओलावा मोजणारे छोटे दुर्बिणीसारखे यंत्र मात्र प्रत्येक गटाकडे हवे. मानकाप्रमाणे ओलावा वीस टक्क्यांच्या आत असावा लागतो. दमट हवेतला, माश्यांनी मेणाने बंद न केलेला मध घाईने काढला तर तो आंबतो.

मधाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न २०२० मध्ये देशासमोर आला. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाजारातले नमुने तपासले, तेव्हा नेहमीच्या चाचण्यांत न सापडणारी साखरेच्या पाकाची भेसळ अनेक नामांकित मधांत आढळली. त्या पाकासमोर दराची स्पर्धा करणे छोट्या मधपाळाला शक्य नाही. त्याचे बळ दुसरीकडे आहे. मधात फुलांचे परागकण असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते आपले झाड सांगतात. शेलूच्या मधात जांभूळ, हिरडा, वाल, करवंद यांचे पराग जसे एकत्र सापडतील तसे दुसऱ्या कुठल्या मधात सहज सापडणार नाहीत. पराग तपासून, गाव आणि हंगाम लिहून विकलेला मध ही या पट्ट्याची स्वतःची ओळख होऊ शकते. त्यासाठीचे शास्त्र पुण्यात अनेक दशके उपलब्ध आहे.

मे २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर हे देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातले पाटगाव त्या वाटेवर आले. २०२० पासून राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियानातून केंद्राचा पैसाही या क्षेत्रात आला. मांघरकडून शिकण्याजोगे पुष्कळ आहे: सबंध गावाने एकत्र येणे, रान राखणे, पर्यटकाला मधासोबत माशीही दाखवणे. पण मांघरभोवती जंगल आहे आणि गावात पिढ्यांचा अनुभव आहे. शेलूला दोन्ही नव्याने जोडावे लागेल. इथे वाडीवरचा मध काढणारा, खाचराचा मालक आणि सोसायटीचा सचिव या तिघांना एका मेजाशी बसावे लागेल, कारण माशी तिघांच्याही हद्दीतून उडते.

म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्याला माझी एक ठोस सूचना आहे. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. त्या नोंदवहीत चार रकाने वाढवावेत. गावात कोणते झाड कोणत्या पंधरवड्यात फुलते. आग्याची मोहोळे कुठे लागतात. सातेरीच्या जिवंत ढोल्या कुठे आहेत. आणि गावातल्या किती पेट्या पावसाआधी भरलेल्या होत्या, किती पावसानंतर भरलेल्या राहिल्या. पहिले दोन रकाने वाडीवरच्या जाणत्यांशिवाय भरता येणार नाहीत, तिसरा शाळेतली मुले उत्तम भरतील, चौथा मधपाळाने स्वतः भरायचा आहे. पाच वर्षे ही नोंद प्रामाणिकपणे ठेवली, तर कोणती पेटी योग्य, कोणती माशी योग्य, कोणते झाड बांधावर लावावे आणि कोणती फवारणी थांबवावी, या प्रश्नांची उत्तरे बाहेरून आणावी लागणार नाहीत. पुढची प्रकरणे त्या कामाची साधने आहेत. ती वाचून झाल्यावर येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, आणि नोंदवहीचे पहिले पान याच हंगामात उघडावे.